पाणी सोडणारा

बाबांची चावी अजून दाराच्या मागे उभी आहे,
कमरेएवढी, लोखंडी, वरून आडवी मूठ.
मुठीचा मधला भाग तेवढा चकचकीत.
ग्रामपंचायतीनं नव्या पोराला नवी दिली.
ही मागायला कोणी आलं नाही.

एकवीस वर्षं दयाराम गभणे
पहाटे साडेचारला ही खांद्यावर टाकून निघायचे.
टाकीत पावडर कालवायची,
मग एकेक व्हॉल्व्ह:
आधी विहाराकडची गल्ली, मग कुंभारपुरा,
मग शाळेमागची घरं,
आमचा मोहल्ला सगळ्यात शेवटी.

आई भांडायची,
"गावाले पाणी पाजता अन् घरचा गुंड कोरडा!"
"आपला आधी भरला तं लोक काय म्हणतीन?"
एवढं बोलून ते दोन बादल्या घेऊन
बोअरिंगवर जायचे.

त्यांच्या हातांना ब्लिचिंगचा वास होता.
माझ्या पाटीला, डब्यातल्या पोळीला, तापात कपाळाला.
पुढं नागपुरात एका हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाजवळून जाताना
मी एकदम खालीच बसले,
आणि सोबतच्यांना वाटलं, ऊन लागलं.

दहावीच्या पेपरला पवनीपर्यंत सायकलवर डबलसीट.
तीन तास ते शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली.
मी बाहेर आले की पेपर कसा गेला, हे कधीच नाही.
"तहान लागली का?"
लग्नात, बाळंतपणात, फोनवर,
माझ्या घरच्या वाईट दिवसांत,
त्यांच्याकडे तो एकच प्रश्न होता.

मग आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली.
अंतकलाबाईचे केस गुडघ्याला टेकायचे,
डॉक्टर म्हणाले, कापून टाका, सोपं पडेल.
बाबा काही बोलले नाहीत.
रात्री खाटेच्या पायाला माझी जुनी रिबीन बांधून
तीन पदर घालत बसले.
पहिली वेणी कासऱ्यासारखी झाली.
आई अर्ध्या तोंडानं हसली,
पाच महिन्यांत पहिल्यांदा.

आधी दार लावून घालायचे,
मग सपरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत,
पाय पसरून, गुडघ्यांमध्ये तेलाची वाटी.
"दयारामभाऊ, आमच्या बाईचीही घालून द्या ना!"
"आण," ते म्हणायचे, मान वर न करता.

त्या दिवशी नळ बंदच झाला नाही.
सहा वाजले. सात.
कुंभारपुऱ्यात ओल्या मडक्यांखाली पाणी शिरलं,
टाकी तळाला गेली,
एकवीस वर्षांत पहिल्यांदा गावानं शिव्या दिल्या,
"गभण्या झोपला का बे!"

शाळेमागच्या चेंबरजवळ, चावीला टेकून,
हनुवटी छातीवर.
चप्पल पाण्यावर तरंगत थोडी पुढं गेलेली.
शिव्या देत आलेल्यांनीच त्यांना उचललं.
आमच्या मोहल्ल्याचा व्हॉल्व्ह राहून गेला होता.
आंघोळ घालायला पाणी
शेजारच्या गल्लीतून आणलं.

दहाव्याला वैनगंगेवर गुरुजी म्हणाले, पाणी सोडा.
भाऊ नाही, म्हणून मी.
ओंजळ वाकडी झाली, बोटांतून आधीच गळून गेलं.
गुरुजी म्हणाले, पुन्हा.
किती सावकाश सोडावं लागतं,
एकदम सोडलं तर पाइप फुटतो,
हे मला कोणी शिकवलं होतं?
नुसतं पाहिलं होतं, अर्धवट झोपेत,
चावी खांद्यावर जाताना.

आता सुट्टी घेऊन येते तेव्हा
आई दिवेलागणीला सपरीत बसते,
पाठ माझ्याकडे करून. काही मागत नाही.
मी तेल लावते. केस पातळ झालेत.
पहिल्यांदा घातली तर म्हणाली, "सैल आहे.
तुह्या बाबाची घट्ट रायचे."
उसवली. पुन्हा घातली.
मग उगाच, कुठून तोंडात आलं कोण जाणे,
"आई, तहान लागली का?"

बराच वेळ ती रस्त्याकडे पाहत राहिली,
जिथून कोणी येणार नव्हतं.
मग डावा हात मागं घेऊन
वेणीचं टोक चाचपलं,
"नाही," म्हणाली.
"ओढ जराशी."